सूर्यासमोरचा फोटो काळा का येतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोळा जवळ आला की वृत्तपत्रे वाचकांकडून फोटो मागवतात आणि निवेदनात एक ओळ हमखास असते: ‘सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा.’ तालुक्याच्या गावी फोटोग्राफीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हा काही जणांची या ओळीला हरकत आहे. हा सल्ला साध्या डबा-कॅमेऱ्याच्या काळातला. त्या कॅमेऱ्यात शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आणि ॲपर्चर (उजेड आत येण्याचे भोक) जवळजवळ ठरलेलेच असे, त्यामुळे समोरच्या वस्तूवर थेट ऊन पडल्याशिवाय रोलवर नीट काही उमटत नसे. आज खिशातल्या साध्या फोनमध्येही उजेड कमी-जास्त करता येतो. तरी सल्ला तोच राहिला.

आपल्याकडे पोळा भरतो संध्याकाळी. तोरणाखाली बैलजोड्या लागतात, झडत्या (पोळ्यात म्हणायची लोकगीते) होतात आणि पोळा फुटतो तोवर ऊन आडवे झालेले असते. अशा वेळी सूर्य पाठीशी घेतला की धन्याचे डोळे मिचमिचे होतात, झूल सपाट दिसते आणि फोटो काढणाऱ्याची लांब सावली बैलाच्या पायांत पडते. सूर्य समोर घ्या, म्हणजे वशिंडाच्या, शिंगांच्या आणि कानांवरच्या केसांच्या कडेने उजेडाची रेघ उठते. खुरांनी उडालेली धूळ उजळते, ती तर पाठीमागून ऊन आल्याशिवाय दिसतच नाही. गोधुळीचा सगळा देखावा या उलट्या उन्हाचा आहे.

मग चेहरे काळे का येतात? समोर आभाळ आहे की माणूस, हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. चौकटीतला एकूण उजेड मध्यम करडा यावा, एवढेच त्याला ठाऊक. सूर्याभोवतीचे आभाळ इतके प्रखर असते की त्याला करडे करताना बाकी सगळे काळोखात जाते. चेहरा ओळखणारा फोनही फेट्याच्या सावलीतला चेहरा पुष्कळदा हुकतो.

फोनवर उपाय असा. चेहऱ्यावर किंवा बैलाच्या मानेवर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात आणि शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते वर सरकवले की उजेड वाढतो, खाली घेतले की घटतो. पांढऱ्या गवळाऊ बैलाच्या पाठीचे केस दिसेनासे होऊन नुसता पांढरा पट्टा दिसला, तर थोडे खाली घ्या. जळालेला पांढरा भाग नंतर कुठल्याही ॲपमध्ये परत येत नाही. काळोखातला भाग थोडाफार उचलता येतो. एचडीआर (उजळ आणि गडद दोन्ही भाग सांभाळणारी फोनमधली सोय) उभ्या बैलाला चालते. चालत्या बैलाला नको, कारण त्यात फोन अनेक फोटो काढून एक करतो आणि एका शिंगाची दोन शिंगे होतात.

कॅमेरा असेल तर जुना हिशोब अजून खरा आहे. लख्ख उन्हात, सूर्य पाठीशी असताना आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, ॲपर्चर एफ १६ (आकडा जितका मोठा तितके भोक लहान). तेच माणूस जवळ असून सूर्य त्याच्यामागे असला तर एफ ५.६, म्हणजे तीन स्टॉप उघडे; दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो. हे आकडे चढत्या उन्हाचे. सूर्य कलला की आणखी एक-दोन स्टॉप द्यावे लागतात, म्हणून आयएसओ वाढवा. ऑटोवर काढायचे तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, अधिक १ ते अधिक २. उलट नुसती काळी आकृती हवी असेल, धुऱ्यावरून चाललेली बैलगाडी किंवा बाभळीचे झाड, तर आभाळावर मोजून उणे १. मात्र आकृत्या एकमेकींवर चढू देऊ नका. दोन बैलांमध्ये आभाळाची फट नसेल तर फोटोत आठ पायांचा एकच गोळा दिसतो.

विदर्भात एक अडचण खास आपली आहे, आणि बाहेरच्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही. समुद्रकिनारी वाळूवरून उजेड उसळून चेहऱ्यावर खालून येतो. आपली काळी माती उजेड गिळते. ओल्या वावरात तर हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खाचांत काहीच पोचत नाही. म्हणून पांढरे धोतर किंवा चादर कोणाला तरी छातीच्या उंचीवर ताणून धरायला सांगा, चेहऱ्यापासून दीड ते दोन मीटरवर, सूर्याकडे तोंड करून. चुन्याची भिंत समोर असेल तर तेवढीही पुरते. कापूस फुटलेल्या पऱ्हाटीत वेचणीचे फोटो उलट्या उन्हातही उजळ येतात, ते याच कारणाने. फ्लॅशनेही भरता येते, पण त्याचा जोर अंतराच्या वर्गाने घटतो. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा भर उन्हात दोन-अडीच मीटरपलीकडे उपयोग नाही. आणि गर्दीतल्या बैलांसमोर फ्लॅश मारूच नये, बैल बुजतात.

फोटो धुरकट येणे किंवा त्यात रंगीत ठिपक्यांची रांग उमटणे हा वेगळा दोष आहे. थेट ऊन लेन्सच्या काचांमध्ये उलटसुलट परावर्तित होते, त्याचा हा परिणाम. फोनच्या बाबतीत निम्मा दोष लेन्सवरच्या बोटांच्या तेलाचा असतो. मऊ सुती कापडाने पुसली की फरक लगेच दिसतो. कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टर असेल तर काढा, त्या सपाट काचेमुळे सूर्याची दुसरी प्रतिमा उमटते. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असेल तर हूड (लेन्सपुढची झापड) किंवा आडवा तळहात कामी येतो. सूर्य चौकटीतच असेल तर हूड काही करत नाही, तेव्हा सूर्य कशाआड तरी न्यावा. पोळ्याच्या दिवसांत सूर्यास्ताच्या तासभर आधी तो क्षितिजापासून साधारण १४ अंशांवर असतो. कॅमेरा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर धरून साडेतीन-चार मीटरवर बसलात, तर तो बरोबर बैलाच्या वशिंडाआड येतो. कडेने किंचित डोकावू दिला आणि ॲपर्चर एफ १६ केले की किरणांची चांदणी उमटते. ॲपर्चरचे भोक लहान-मोठे करणारी पाती सम असतील तर तितकीच टोके, विषम असतील तर दुप्पट. बहुतेक फोनचे ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे त्यात अशी रेखीव चांदणी सहसा मिळत नाही.

मेच्या भर दुपारी मात्र यातले काही जमत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. समोर नाही, पाठीशीही नाही. तेव्हा माणसाला कडुनिंबाखाली घ्यावे. नोंदीचे फोटो, म्हणजे ई-पीक पाहणीचा किंवा बोंडअळीने पोखरलेल्या बोंडाचा, सूर्य पाठीशी ठेवून किंवा स्वतःच्या सावलीत घ्यावेत. तिथे तपशील दिसायला हवा, कडेची रेघ नव्हे.

डोळ्यांबद्दल कळकळीने सांगतो. डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) डोळा लावायच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, त्यातही दूरचे जवळ आणणारी टेलिलेन्स लावून, सूर्याकडे कधीही पाहू नका. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे त्या क्षणी कळत नाही. चौकट स्क्रीनवर लावा. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडर हाही स्क्रीनच असल्याने डोळा वाचतो, पण सेन्सर आणि शटरचा पडदा भाजू शकतो. दोन फोटोंच्या मध्ये झाकण लावा. सूर्यग्रहणाला लेन्सच्या पुढे खास सौर फिल्टरच हवा, जो उजेडाचा लाखावा भाग आत सोडतो. एक्स-रेची फिल्म अजिबात चालत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडून एक अपेक्षा आहे. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, छपाईचे ठिपके पसरतात आणि फोनवर ठीक दिसणारा सावलीतला चेहरा अंकात बुजतो. असे फोटो नाकारण्याऐवजी छापण्यापूर्वी त्यांतला गडद भाग जरा उचलावा आणि वाचकांकडून मूळ फाइल मागवावी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तशीच पोचते. यंदाच्या निवेदनातून ‘सूर्य पाठीशी’ ही ओळ काढून तिच्या जागी एवढे छापावे: चेहऱ्यावर बोट दाबून उजेड ठरवा, लेन्स पुसा, सूर्य बैलाआड घ्या, व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नका.

आपले,
यवतमाळ जिल्ह्यातील काही छायाचित्रकार