पोटमाळ्याचे ओझे जुन्या तुळयांवर नको

संपादक महोदय,

सांगलीच्या गावभागातला जुना वाडा पाडण्यापेक्षा त्यातच उंच छताचे, पोटमाळ्याचे फ्लॅट काढणे केव्हाही चांगले. मात्र जाहिरातीत ‘लॉफ्ट’ वाचून भुलणारा माणूस तो माळा कशावर उभा आहे, हे विचारत नाही.

राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरावा लागतो. दहा बाय दहा फुटांच्या पोटमाळ्याला तो पावणेदोन टनांच्या वर जातो, माळ्याचे स्वतःचे वजन निराळेच. सागवानी तुळईत खाच पाडून हा भार टाकला की आधी तुळई वाकते, मग तिच्या टोकाशी भिंत चिरते. माळ्याला स्वतःचे लोखंडी खांब आणि स्वतंत्र पाया हवा. खांबाचा तळ फूटभर उंच काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवावा, नाहीतर पुराच्या पाण्यात तोच आधी गंजतो.

खरी तपासणी तुळईच्या टोकांची. मध्यभागी ठणठणीत वाजणारे लाकूड भिंतीत गेलेल्या वीतभर भागात कुजलेले असू शकते, कारण ओल तिथेच मुरते. गिलावा फोडून टोकाला स्क्रू-ड्रायव्हर दाबावा. अर्धा इंच सहज आत गेला तर कुजका भाग कापून, खाली टेकू देऊन, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळाव्या लागतात. दुरुस्तीनंतर टोकाभोवती हवेला जागा ठेवावी. गवंडी तिथे हटकून सिमेंट कोंबतात!

माती-चुन्याच्या भिंतीला तर सिमेंटचा गिलावा लावूच नये. ओल बाहेर पडत नाही आणि गिलाव्याआड माती भुसभुशीत होते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी प्यायलेल्या भिंतींना चुनाच हवा. विजेचे मीटर तळमजल्यावर नकोत, हे वेगळे सांगायला नको.

बाथरूमचा घोळ त्याहून मोठा. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर चार इंच काँक्रीटचा कोबा घातला की चौरस मीटरला दोनशे किलोंहून जास्त वजन कायमचे बसते. म्हणजे माणसांसाठी धरलेला भार कोब्यातच संपला. संडास-बाथरूम एकाखाली एक घ्यावेत आणि तेही नव्या लोखंडी चौकटीतच.

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट कायद्यानुसार पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती आणि छप्पर, इमारतीच्या घोषणापत्रात (डिक्लरेशन) वेगळे लिहिले नसेल तर, सर्वांच्या सामाईक मालकीचे असतात. तेव्हा जिना काढण्यासाठी कुणी तुळई कापली तर ती त्याच्या एकट्याची नसते. माळा मंजूर नकाशात आहे का, हेही विसार देण्याआधीच पाहावे.

महापालिकेने भोगवटा दाखला देताना स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या प्रमाणपत्रासोबत तुळईच्या प्रत्येक उघड्या टोकाचा फोटो मागावा. एकदा गिलावा चढला की ती टोके कुणालाच दिसत नाहीत.

– एक स्थापत्य अभियंता, सांगली