‘बारमाही, रोगमुक्त’ म्हणून विकलेल्या बिननावाच्या गुलाबांबद्दल तक्रार

दिनांक : ६ ऑक्टोबर
दांडिया बाजार, बडोदे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

विषय : चुकीची जाहिरात, जातीचे नाव न देता पाठवलेली रोपे आणि बडोद्याच्या हवेत रोपांना घातक ठरलेले माहितीपत्रक

महोदय,

गेल्या ऑक्टोबरात मी आपल्याकडून गुलाबाची सहा रोपे मागवली. प्रत्येकी ३४९ रुपये, एकूण २०९४ रुपये. जाहिरातीत लिहिले होते : ‘बारमाही फुलणारे, शंभर टक्के रोगमुक्त, जर्मनीच्या एडीआर चाचणीत उतरलेले.’ पावती आणि रोपांचे फोटो सोबत जोडले आहेत.

रोपे आली तेव्हा ताजी होती. चारांवर कळ्याही होत्या. प्रत्येक रोपाला चिठ्ठी बांधलेली, तीवर फक्त ‘लाल गुलाब, बारमाही’ किंवा ‘गुलाबी गुलाब, बारमाही’. जातीचे नाव कुठेच नव्हते. मी त्याच दिवशी फोन केला, तेव्हा ‘नाव महत्त्वाचे नाही, फूल येण्याशी मतलब’ असे उत्तर मिळाले. माझी मूळ तक्रार याच वाक्याबद्दल आहे.

एडीआर ही नव्या गुलाबांची जर्मन चाचणी. तिचा शिक्का ‘लाल गुलाबा’ला मिळत नाही, एका विशिष्ट जातीला मिळतो. तिकडे अकरा ठिकाणी तीन वर्षे झाडे लावून ठेवतात आणि १९९७ पासून त्यांवर कसलेही औषध न फवारता पाहतात. पुढे एखादी जात रोगाला बळी पडू लागली तर दिलेला शिक्का काढूनही घेतात. मग ज्या रोपाला नावच नाही, ते या चाचणीत उतरले हे आपण कशाच्या आधारावर छापले? शिवाय काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे अनेक प्रकार आहेत. एका प्रदेशात तिला दाद न देणारे झाड दुसऱ्या प्रदेशात हार खाऊ शकते. जर्मनीतला उन्हाळा आणि आमचा आषाढ यांत फरक आहे, हे रोपे विकणाऱ्याला माहीत असायलाच हवे.

लागवडीत माझी कसूर नाही, म्हणून तेही लिहिते. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. दीड फुटाचे खड्डे घेतले, त्यांत जाड वाळू, मुरलेले शेणखत आणि लिंबोळी पेंड मिसळली. जागा सहा तास उन्हाची. डोळा भरलेला सांधा (खालचा जंगली गुलाबाचा खुंट आणि वरची विकायची जात जिथे जोडतात तो) मातीच्या वर ठेवला. पाणी सकाळी, तेही मुळाशी. पाने सहा-सात तास ओली राहिली तरी काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते, म्हणून पानांवर मी कधीच पाणी मारत नाही.

डिसेंबरात फुले सुंदर आली. इतकी की मी आपल्या संकेतस्थळावर पाच तारे देऊन अभिप्राय लिहिला. तो आता काढून टाकावा ही विनंती, कारण माझा शब्द वाचून कुणी रोपे घेतली असतील तर मला वाईट वाटते.

जानेवारीत दोन रोपांचा वरचा भाग शेंड्याकडून काळा पडत सांध्यापर्यंत मेला, आणि खालून खुंट फुटला. लांब सरळ फोका, काटे जवळजवळ नाहीत, एका देठावर सात-सात पाने. मी फोटो पाठवले तर आपल्याकडून निरोप आला, ‘वाढ उत्तम आहे, धीर धरा.’ हा आपण विकलेला गुलाब नव्हे, खुंटाची जंगली फूट आहे, हे रोपवाटिकेतला कुठलाही माळी एका नजरेत सांगेल. आज त्या फोका माझ्या खांद्याला लागतात, पण एक कळी नाही. तिसरे रोप फेब्रुवारीत एकदाच बहरले. सुकलेली फुले पाच पानांच्या देठावर वेळेत खुडूनही पुन्हा कळी धरली नाही. पुन्हा फुलणाऱ्या गुलाबाला खुडल्यावर दीड-दोन महिन्यांत दुसरा बहर यायला हवा. हा एकबारीच निघाला.

उरली तीन. जुलैत पाऊस लागला आणि खालच्या पानांवर काळे गोल डाग पडले, कडेने पिवळे. ऑगस्ट संपेतो तिन्ही झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या. आपला सल्ला काय, तर दर आठवड्याला बुरशीनाशक फवारा. महोदय, फवारावे लागू नये म्हणून तर मी ही रोपे घेतली. आमच्याकडची फुले देवाला जातात, पाकळ्यांचा गुलकंद होतो, नातू ती तोंडात घालतो.

त्याच वाफ्यात, दोन हातांवर, माझ्या सासूबाईंनी लावलेले ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ आहे. गेश्विंड यांनी तयार केलेली १८९७ सालची ही जात. तिच्यात चिनी गुलाबाचे रक्त आहे, पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण तिकडूनच आला. तिलाही पावसात ठिपके पडतात, थंडीत कोवळ्या शेंड्यांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. मी रोगट पाने वेचून जाळते, मधल्या दाट काड्या काढून वारा खेळता ठेवते, एवढेच. झाड कधी बोडके होत नाही. एकीकडे पान गळते, दुसरीकडे तांबूस पालवी फुटते, आणि नवरात्रापासून होळीपर्यंत फुले येत राहतात. रोगाला तोंड देणारा गुलाब म्हणजे हा. ‘रोगमुक्त’ गुलाब जगात नाही आणि तो शब्द छापणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

आता माहितीपत्रक. त्यात तीन सूचना आहेत : छाटणी मार्चमध्ये करा, डोळ्याचा सांधा दोन इंच मातीत पुरा, संध्याकाळी झाडावरून पाणी शिंपडा. पहिल्या दोन बर्फ पडणाऱ्या देशांतल्या आहेत आणि तिसरी कुठेच बरोबर नाही. इथे छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात होते. मार्चमध्ये छाटले तर कोवळी फूट थेट चाळीसच्या पुढच्या उन्हात सापडते आणि काडी वरून वाळत जाते.

माझ्या शेजारच्या गुजराती बाईंनी (मी त्यांना बेन म्हणते) माझा अभिप्राय वाचून आपल्याकडून चार रोपे घेतली. बाग करण्याची त्यांची पहिलीच वेळ. मी मार्चमध्ये मुलीकडे गेले होते, तेवढ्यात त्यांनी पत्रकात होते तसे तंतोतंत केले. मेअखेर चारांपैकी तीन रोपे गेली. आता त्या म्हणतात, ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही.’ पैशापेक्षा मला हे जास्त लागले आहे. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, आपल्या कागदाचा होता. ज्या बडोद्यात कमाटीबाग १८७९ पासून उभी आहे, तिथल्या माणसाला इथल्या ऋतूंचे पत्रक मिळू नये?

माझी मागणी अशी. माझ्या तीन रोपांचे आणि बेनच्या तीन रोपांचे पैसे परत करावेत. बदली रोपे द्यायची असतील तर ती नाव लिहिलेलीच हवीत. ‘शंभर टक्के रोगमुक्त’ आणि एडीआरचा उल्लेख जाहिरातीतून काढावा, आणि पश्चिम भारतासाठी वेगळे माहितीपत्रक छापावे. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

एक गोष्ट मात्र महिनाभर थांबू शकत नाही. उरलेल्या तीन झाडांची छाटणी मी २० तारखेच्या सुमारास करणार आहे. झुडपी जात असेल तर तिसरा हिस्साच कापायचा, हायब्रिड टी (लांब देठावर एकेक मोठे फूल येणारा गुलाब) असेल तर निम्म्याहून अधिक. त्यासाठी त्यांची नावे मला त्याआधी कळवा. खुंटाची दोन झाडे मी उपटलेली नाहीत. आपला माणूस पाहायला पाठवायचा असेल तर सकाळी नऊच्या आत पाठवावा, तेव्हा मी बागेतच असते.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावती, चिठ्ठ्यांचे व झाडांचे फोटो, माहितीपत्रक, बेनची पावती