शिकवलेली पोरं ठेवून घ्या

मा. संपादक,

फाउंड्रीला, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याला, माणसं मिळत नाहीत, ही तक्रार शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत गेलं तरी कानावर येते. मी ३१ वर्षं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामाला, काढली, त्यातली शेवटची १२ फोरमन म्हणून. माझा अनुभव असा, की पोरं येतात, मन लावून शिकतातही. आपण त्यांना ठेवून घेत नाही.

शाहूवाडी तालुक्यातला एक आयटीआय झालेला मुलगा आमच्याकडं अप्रेंटिस लागला. पहिला आठवडा मी त्याला फक्त वाळू हाताळायला लावली. वाळू मुठीत घट्ट दाबायची. मूठ उघडली की बोटांचे ठसे उठलेले दिसले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला तर कडा ढासळता कामा नयेत. पाणी जास्त झालं, की चौदाशे अंशाच्या आसपासचं लोखंड साच्यात पडताच वाफ धरते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागाला, ब्लो होल (वाफेची भोकं) पडतात. लॅबमध्ये ओलावा मोजतात, पण दुपारच्या उन्हात वाळू सुकायला लागली हे हाताला आधी कळतं. त्याचा हात बसायला आठ महिने लागले. पुढं पुढं तर मिक्सरवाला मला सोडून त्यालाच हाक मारायचा.

वर्ष भरलं. ऑफिसनं सर्टिफिकेट हातात दिलं आणि सांगितलं, उद्यापासून ठेकेदाराकडून ये, हेल्परच्या हजेरीवर. तो आलाच नाही. आता मोटारसायकलवरून पार्सल पोचवतो. त्याच्या जागी नवा मुलगा आला आणि मी पुन्हा मुठीत वाळू धरण्यापासून सुरुवात केली. त्या काळात रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचं प्रमाण, वाढलं. तोच माल भट्टीत दोनदा वितळला, वीज दोनदा जळली. हा खर्च कुणी त्या पोराच्या पगाराशेजारी मांडून बघितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

लहान मालकांची अडचण मी जवळून पाहिली आहे. किलोमागचा दर माल घेणारी वरची कंपनी ठरवते. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. शिकून तयार झालेल्या उमेदवारांना कामावर घेण्याबाबत प्रत्येक आस्थापनेनं आपलं धोरण ठरवायचं आहे. ते धोरण गेटवरच्या फलकावर मराठीत लावा. दुसऱ्या वर्षी किती पगार, तिसऱ्या वर्षी किती, कायम कधी, हे पोराला आणि त्याच्या आईबापांना पहिल्या दिवशी वाचता आलं पाहिजे. नुसत्या तोंडी आश्वासनावर गाव सोडून भट्टीसमोर कोण उभं राहील?

मी निवृत्त असलो तरी हातपाय धड आहेत. कुणी मालकानं बोलावलं तर वाळू शिकवायला विनामोबदला येईन. फक्त त्या पोराच्या दुसऱ्या वर्षाच्या पगाराचा कागद आधी दाखवावा.

– एक निवृत्त मोल्डिंग फोरमन, शिरोली, जि. कोल्हापूर