प्रतिद्रव्याची खाण कुठेच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील प्रतिद्रव्यावरचा लेख वाचला. त्यात प्रतिद्रव्याला ‘उद्याचे इंधन’ म्हटले आहे. प्रतिद्रव्य म्हणजे प्रतिकणांचे द्रव्य: साध्या कणांसारखेच, पण उलट विद्युतभाराचे कण; साध्या द्रव्याला भेटताच दोन्ही नाहीसे होऊन ऊर्जा उरते. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. पेट स्कॅनच्या (शरीरात किरणोत्सारी द्रव्य टोचून काढायच्या प्रतिमेच्या) निमित्ताने पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, माझ्या रोजच्या कामात असतो, म्हणून लिहावेसे वाटले.

लेखातला मुख्य आकडा बरोबर आहे. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटले, तर सुमारे पाच कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. युरेनियमच्या विखंडनात, म्हणजे अणुकेंद्र फुटताना, वस्तुमानाचा जेमतेम हजारावा भाग ऊर्जेत बदलतो. इथे सगळेच वस्तुमान बदलते. पण तो एक ग्रॅम आणायचा कुठून, हा प्रश्न लेखात विचारलेलाच नाही.

कोळसा, तेल, युरेनियम निसर्गाने आधीच तयार करून ठेवले आहे, आपण ते फक्त उपसतो. प्रतिद्रव्याची अशी खाण नाही. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांतून थोडे प्रतिकण मिळतात (कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये पॉझिट्रॉन तिथेच सापडला), पण इंधन म्हणून जमवावेत इतके ते नाहीत. म्हणजे ते बनवावे लागणार, आणि बनवताना निदान जेवढी ऊर्जा पुढे परत मिळणार तेवढी तरी आधी घालावी लागणार. त्यामुळे प्रतिद्रव्य फार तर बॅटरी ठरेल, ऊर्जेचा स्रोत कधीच ठरणार नाही. यंत्रे कितीही सुधारली तरी हा हिशेब बदलत नाही.

आजची स्थिती तर त्याहून कितीतरी मागे आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कण-भौतिकी प्रयोगशाळेत प्रोटॉनचा वेगवान झोत इरिडियमच्या लक्ष्यावर आदळवतात. काही लाख प्रोटॉनमागे हाती लागेल असा एक प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचा प्रतिकण) मिळतो, एका झोतामागे साधारण तीन कोटी. ऐकायला खूप वाटतात, पण या गतीने एक ग्रॅम जमायला हजारो कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे आहे. सर्नचेच म्हणणे आहे की त्यांनी आजवर बनवलेले सगळे प्रतिद्रव्य एकत्र केले, तर त्यावर एक दिवा काही मिनिटे जळेल. ती यंत्रे मूलभूत संशोधनासाठी आहेत आणि उत्पादन पुष्कळ वाढवता येईल, हे मान्य. पण कोट्यवधी पटींची तूट भरून निघाली, तरी आपण जेमतेम बरोबरीला येऊ.

साठवणुकीबद्दल मात्र लेखापेक्षा मी अधिक आशावादी आहे. २०१० मध्ये प्रतिहायड्रोजनचे (प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन मिळून बनणारे) ३८ अणू सेकंदाच्या सहाव्या भागाइतके धरून ठेवता आले होते. पुढच्याच वर्षी ही वेळ सोळा मिनिटांवर गेली. विद्युत-चुंबकीय सापळ्यात प्रतिप्रोटॉन वर्षाहून जास्त काळ राहिले आहेत. अडते ते संख्येपाशी. समान विद्युतभाराचे कण एकमेकांना ढकलतात, त्यामुळे ते दाटीने भरता येत नाहीत.

आता माझ्या विभागातले. काही रुग्ण घाबरून विचारतात, ‘हे अंगात गेल्यावर स्फोट नाही ना होणार?’ त्यांच्यासाठी मी एकदा हिशेब करून ठेवला. समजा, पॉझिट्रॉन सोडणारे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ हे ३७० मेगाबेकरेल, म्हणजे सुरुवातीला सेकंदाला ३७ कोटी अणू विघटित होतील इतके, टोचले. त्यातून सुरुवातीला सेकंदाला छत्तीस कोटींच्या आसपास पॉझिट्रॉन निघतात. प्रत्येक जण एखाद-दुसरा मिलिमीटर जातो, इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघांच्या जागी विरुद्ध दिशांना धावणारे दोन गॅमा फोटॉन उरतात. शेवटच्या पॉझिट्रॉनपर्यंतची सगळी ऊर्जा मोजली, तरी ती साधारण अर्धा ज्यूल भरते. चमचाभर पाणी तिने अर्धा अंशसुद्धा तापणार नाही. हे फ्लोरिन बनवायला सायक्लोट्रॉनला (कणांना वेग देणाऱ्या यंत्राला) मात्र किलोवॉटच्या हिशेबात वीज लागते. ऊर्जेच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा आहे. तरीही त्याच फोटॉनच्या जोड्या टिपून गाठ किती पसरली आहे, उपचार लागू पडतोय का, हे डॉक्टरांना दिसते. मी हे रोज पाहते, आणि म्हणूनच ‘इंधन नाही तर काय उपयोग’ असा सूर मला सोसत नाही.

संशोधकही विजेसाठी राबत नाहीत. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असेल, तर उरले फक्त द्रव्यच, असे का? हा त्यांचा प्रश्न आहे. प्रतिहायड्रोजनही गुरुत्वाकर्षणाने खालीच पडतो, हे थेट प्रयोगाने २०२३ मध्ये दिसले; इतकी साधी वाटणारी गोष्ट तोवर कोणी पाहिलेली नव्हती! इंधन म्हणून विचार करायचाच, तर दूरच्या अंतराळयानाचा करावा, कारण तिथे किमतीपेक्षा वजन महत्त्वाचे असते.

विज्ञानाकडे वळू पाहणारी मुले आपली पुरवणी वाचतात. त्यांच्यासाठी पुढच्या एखाद्या अंकात सर्नमधले हे प्रयोग नेमके कसे चालतात, यावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ