माधवनगर रोडवरच्या वायरमन मामांना, मनापासून

मामा नमस्कार, नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, सांगलीत गाडीच्या वायरिंगसाठी कडुलिंबाखाली खाट टाकून बसणारे किती जण असतील.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझं डोकं पार आऊट झालेलं. दोन महिने चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटायचा, विझायचा, परत पेटायचा, आणि ऊन चढलं की गाडीजवळ पेट्रोलचा वास. आईला दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, ती बिचारी मागं पदर नाकाला लावून बसायची आणि वर मलाच म्हणायची, पेट्रोल सांडलंस का रे? ज्या गॅरेजमधे आधी दाखवलं तिथं स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी ०४४३, पर्ज वॉल्व्हचं, म्हणजे पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचं, सर्किट. सर्किट, म्हणजे वायरिंगसकट सगळं, असं स्पष्ट लिहिलेलं असताना त्यांनी थेट वॉल्व्हच बदलला, आठ दिवसात दिवा परत हजर, आणि मग म्हणाले आता ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बघावा लागेल. ईसीयूचा भाव ऐकून मी खालीच बसलो ओ.

तुम्ही स्कॅनर काढलाच नाही. आधी विचारलंत, जुना वॉल्व्ह कुठाय? नशीब, डिकीत पडला होता. मीटर ओहमवर लावून दोन पिनांना टेकवलात, २६ ओहम. मग बॅटरीवरून दोन वायरी देऊन टक्क असा आवाज काढून दाखवलात, वायर काढून मला तोंडानं फुंकायला लावलंत, हवा जात नव्हती, वायर लावल्यावर गेली. "करंट नसताना बंद, दिला की उघडा. ह्याला काय झालंय? धडधाकट हाय की!" असं म्हणून तो माझ्या हातात ठेवलात, आणि नव्या वॉल्व्हचे पैसे कुठं गेले ते मला तिथंच कळलं.

खरी मजा पुढं. कनेक्टर काढून चावी ऑन केली, सप्लायच्या पिनला मीटर लावला तर १२ च्या वर व्होल्ट दाखवत होता. मी म्हटलं, मामा सप्लाय तर ओके आहे, म्हणजे ईसीयूच गेला. तुम्ही हसलात आणि पार्किंग लाईटचा ५ वॅटचा बल्ब, दोन वायरी जोडलेला, खिशातनं काढलात. एक टोक त्याच पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब पेटलाच नाही, आत तार जरा लालसर झाली बस. मीटर जवळपास काही ओढतच नाही, त्याला वायरमधला तांब्याचा एक केस, म्हणजे बारीक तार, जरी शिल्लक असला तरी बारा दिसणार, वॉल्व्हला अर्धा अँपिअर लागतो आणि बल्ब पण साधारण तेवढाच खातो, म्हणून बल्ब खरं बोलतो, हे तुम्ही सांगितलं. मी बी.एस्सी. फिजिक्स हो, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हिशेब लिहितो ते सोडा, पण ओहमचा नियम मला त्या दिवशी खाटेवर बसून समजला.

मग ब्लेडनं वायरचं रबर सोललंत. पिनजवळ क्रिम्पच्या, म्हणजे पिन वायरवर दाबून बसवतात त्या भागाच्या, आत तांबं हिरवंगार, भुकटीच झालेली, चार-पाच केसच, तेही गंजलेले, धरून होते. "इंजिन प्रेशरनं धुतलंस का?" धुतलं होतं ना, पाडव्याच्या आधी, वॉशिंगवाला म्हणाला चकाचक करून देतो.

नवी पिन, स्लीव्ह, आत थोडं ग्रीस, अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यावर सोडलं असतंत तरी मी खूश होतो, पण तुम्ही इंजिन गरम होईपर्यंत थांबवलंत. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन गरम झालं की ईसीयू हा वॉल्व्ह उघडझाप करून ती इंजिनात ओढून घेतो, थंड असताना बघत बसलास तर उगाच घाबरशील, असं म्हणालात. तोवर चहा झाला. नंतर कनेक्टरच्या दोन पिनांमधे तुमचा एलईडीचा टेस्टर लावला आणि तो लुकलुकायला लागला, म्हणजे ईसीयू दुसऱ्या पिनला थांबून थांबून अर्थिंग मारत होता, शाबूत होता. मला बजावलंत पण, ईसीयूच्या वायरला हेडलाईटचा बल्ब लावायचा शहाणपणा करू नको, आतला ड्रायव्हर, म्हणजे अर्थिंग देणारा भाग, उडंल. शेवटी कनेक्टर बसवून माझं बोट वॉल्व्हवर ठेवलंत. टिक टिक टिक. मांजराच्या पिल्लाचं काळीज लागावं तसं.

आणि घेतले किती तर शंभर. मी पाचशेची नोट पुढं केली तर माझ्यावरच डाफरलात, पिन केवढ्याची, वायर केवढ्याची म्हणून.

तीन आठवडे झाले, दिवा नाही, वास नाही, परवा आई मिरजेपर्यंत झोपून गेली. जुना वॉल्व्ह परत बसवलाय, नवा डिकीत आहे, कुणाला लागला तर द्या. तासगावचा बेदाणा दोन किलो आणलाय, तुम्ही घेणार नाही माहीतच आहे, म्हणून शेजारच्या टायरवाल्याकडं मामींच्या नावानं ठेवलाय.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला, कुपवाड