पट्टा तुटला म्हणजे घड्याळ संपले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की घड्याळाच्या दुकानात एक तक्रार हमखास कानावर येते : घड्याळ ठणठणीत आहे, पण पट्टा तुटला. माझ्या कॅसिओ एफ-९१डब्ल्यू घड्याळाचा पट्टाही गेल्या महिन्यात असाच नेहमीच्या भोकापाशी चिरला. दुकानदाराने ते हातात न घेताच, ‘‘याचा पट्टा येत नाही, नवीनच घ्या,’’ असे सांगून टाकले. हे मॉडेल १९८९ पासून बाजारात आहे, त्याला १८ मिलिमीटरचा पट्टा लागतो आणि तो बदलायला दहा मिनिटे पुरतात. हे सारे मला नंतर कळले. ते इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

ज्याला आपण सरसकट ‘रबरी पट्टा’ म्हणतो, तो बहुधा रेझिनचा, म्हणजे पॉलियुरेथेन जातीच्या प्लास्टिकचा असतो. हे प्लास्टिक हवेतील ओलावा हळूहळू शोषते आणि त्या ओलाव्याने त्याच्या आतील रासायनिक बंध तुटू लागतात; उष्णता, घाम आणि साबणाचा राहिलेला अंश या झिजेला हातभार लावतात. त्यामुळे कोकणासारख्या दमट हवेत कपाटात नुसते ठेवलेले घड्याळही काही वर्षांनी काढून पाहावे, तर त्याचा पट्टा कडक किंवा चिकट झालेला आढळतो. असा पट्टा पूर्ववत करण्याचा उपाय नाही. आमच्याकडे त्यावर खोबरेल तेल चोळण्याची पद्धत आहे, मीही ते करून पाहिले. दोन दिवस चकाकी आली आणि तिसऱ्या दिवसापासून तेलावर धूळ बसू लागली. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने चीर सांधावी, तर डिंक वाळून ताठ होतो आणि मनगटावर पट्टा वाकताच त्याच जागी पुन्हा तुटतो.

पट्टा धड असेतोवर मात्र त्याची स्वच्छता राखल्यास तो नक्कीच अधिक टिकतो. मी पट्टा घड्याळापासून सोडवूनच धुतो, कारण ज्या घड्याळावर केवळ ‘वॉटर रेझिस्ट’ एवढेच लिहिलेले असते, ते हातावर उडणारे शिंतोडे सोसण्यापुरते असते, नळाच्या धारेखाली धरण्यासाठी नव्हे. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब टाकून जुन्या, मऊ दातब्रशने पट्टा आतून-बाहेरून घासावा. बक्कलाच्या खाचेत आणि पट्ट्याचे टोक अडकवण्याच्या कडीच्या आत घाम, धूळ व मृत त्वचा यांचा काळपट, लोण्यासारखा मऊ थर साचलेला असतो. मनगटाला खाज सुटते ती बऱ्याचदा त्यानेच. तो दात कोरण्याच्या काडीने काढावा, सुईने नव्हे. नंतर साबणाचा अंशही राहणार नाही इतके स्वच्छ धुऊन, सुती फडक्याने टिपून पट्टा सावलीत वाळवावा. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रावण यांना तर हातच लावू नये. डासांना पळवणारी काही मलमेही प्लास्टिकला अपाय करतात, तेव्हा मलम लावल्यावर हात कोरडे झाल्याशिवाय घड्याळ चढवू नये.

बदलण्याचे काम त्याहून सोपे आहे, फक्त पिनेवर नजर हवी. घड्याळाच्या डबीला दोन्ही टोकांना जे कान असतात, त्यांच्या मधोमध पट्टा एका स्प्रिंगच्या पिनेवर बसवलेला असतो. घड्याळ टॉवेलवर पालथे ठेवावे, पट्टा आणि कान यांच्या फटीत बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून पिनेचे टोक आतल्या बाजूला दाबावे आणि पट्टा अलगद उचलावा. त्या वेळी दुसऱ्या हाताचा अंगठा पिनेवर असणे आवश्यक आहे. माझी पहिली पिन उडून थेट शिलाई मशीनच्या पायट्याखाली गेली आणि ती शोधण्यात अर्धा तास गेला. पट्टा निघाल्यावर कानांमधील मळही पुसून घ्यावा. नवा पट्टा बसवताना बक्कलाचा आखूड भाग बाराच्या बाजूला आणि भोकांचा लांब भाग सहाच्या बाजूला येतो. पिनेचे एक टोक कानाच्या छिद्रात घालून दुसरे दाबत सरकवले की बारीकसा ‘टक’ आवाज येतो, आणि मग पट्टा हलकेच ओढून खात्री करून घ्यावी. काही दणकट घड्याळांचे पट्टे मात्र पिनेऐवजी स्क्रूने बसवलेले असतात. तिथे घरगुती हत्यार चालवण्यापेक्षा जाणत्या घड्याळजीकडे जाणे बरे.

खरी अडचण पट्टा मिळवण्याची आहे. मला पहिल्यांदा जो देण्यात आला तो २० मिलिमीटरचा निघाला, कारण त्याच्या पाकिटावर मापच नव्हते. तो परत करायला जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे पट्ट्यापेक्षा जास्त झाले. शिवाय अशा घड्याळांच्या पट्ट्याचे टोक डबीच्या आकारात घडवलेले असते, त्यामुळे माप जुळूनही साधा सरळ पट्टा बसवल्यास कडेला फट राहते. डबीच्या मागे मॉडेलचे नाव कोरलेले असते आणि शेजारी एका चौकटीत छोटा आकडा असतो, जो माझ्या घड्याळावर ५९३ आहे. ही दोन्ही टिपून दुकानात नेल्यास चूक होत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, तेव्हा चर्चा मोबाइल, वाहने व शेतीची यंत्रे यांची झाली. पट्ट्यासारख्या किरकोळ वस्तूकडे तिथे कोणाचे लक्ष जाईल, असे वाटत नाही. म्हणून विक्रेत्यांनाच विनंती आहे की, पट्ट्याच्या पाकिटावर रुंदी मिलिमीटरमध्ये आणि तो कोणत्या मॉडेलला बसतो, एवढ्या दोन गोष्टी ठळक लिहाव्यात, आणि पट्ट्यासोबत पिनांची एक जोडी द्यावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी