‘थकलेत’ म्हणू नकोस

सातारा,
12 जानेवारी

प्रिय सुधीर,

परवा तू फोनवर म्हणालास, "बाबा आता थकलेत रे," आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. आईबद्दल मी वर्षभर हेच म्हणत होतो. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

आईच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, तेव्हा आम्ही म्हणालो, वय झालं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, तेव्हाही वय झालं. मामा "परस्वाधीन होण्याची वेळ कुणावर येऊ नये" म्हणून उसासे टाकायचा. दादाने दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी केली. 2016च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, सवलतींना निदान 40 टक्के अपंगत्व लागतं. नुसतं म्हातारपण त्यात बसत नाही. आई मात्र दुखावली. "मी अपंग कुठंय? पायात त्राण नाही, एवढंच."

ती बरोबर बोलत होती सुधीर. दुखणं नेमकं कुठे आहे ते ती सांगत होती, आणि आम्ही तिच्या वयाकडे बघत होतो.

मग मोरीत तिचा तोल गेला. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. वृद्धांचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, हातांची घडी घालायला सांगितली आणि म्हणाल्या, "आजी, हात न टेकता उठा." आईच्या मांड्या थरथरल्या, ती पुढे झुकली आणि धपकन मागे बसली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मला बघवेना.

डॉक्टरांनी सांगितलं: वजन आपोआप उतरणं, सतत थकवा, सैल पकड, मंद चाल, कमी झालेली हालचाल, या पाचांतल्या तीन गोष्टी दिसल्या तर ती ‘फ्रेल्टी’, म्हणजे वार्धक्यातली दुर्बलता. ती नुसती वयाच्या खात्यावर टाकायची नाही. स्नायू झिजलेले असतात, आणि नव्वदीतही व्यायामाने त्यांत ताकद येते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘व्याधी’ म्हणजे आजार, हे दोन वेगळे शब्द आहेत. माझी आजी तो अध्याय रोज म्हणायची, मी कधी थांबून विचार केला नव्हता. आईच्या व्याधीला आम्ही ‘जरा’ म्हणत बसलो आणि त्यात वर्ष गेलं. त्याची बोच जात नाही.

आता सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठबस. सुरुवातीला मी हात धरायचो. जेवणात घट्ट वरण, दही, उसळ डॉक्टरांना विचारून वाढवली. काल ती हात न टेकता उठली आणि तशीच देवापाशी जाऊन दिवा लावून आली. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली.

रविवारी बाबांना खुर्चीतून उठायला सांग. शेजारी उभा राहा, तोल गेला तर धरायला. आणि त्यांना स्वतःला काय होतंय ते त्यांच्याच शब्दांत विचार. मग मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
विनायक